अब्रू गहाण

ज्या बैठकीला मी दांडी मारली, नेमक्या त्याच बैठकीत मला जिमखाना प्रमुख करण्यात आलं. "तुम्ही मराठीचे. शब्दांनी पोरं मैदानावर आणाल," असं प्राचार्य म्हणाले. माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, हे मला मागाहून समजलं.

मग मी शब्दांना कामाला लावलं. फलकावर अशी काही सूचना लिहिली की पोरांनी उभं राहून तिचा फोटो काढला. मैदानावर मात्र दुसऱ्या दिवशी दोन कुत्री आणि मी. वर्गात विचारलं तर एकाचं जर्नल अपुरं, दुसऱ्याचा गुडघा दुखरा. तिसरा प्रामाणिक होता. "सर, घाम येतो," म्हणाला.

मग शास्त्राचा आधार घेतला. प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे पटवण्यासाठी मी पोरांना सलग पंचावन्न मिनिटं बाकावर बसवून ठेवलं.

शेवटचं अस्त्र होतं खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथवर जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले! माझा आवाज भरून आला. वर्ग गंभीर झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुम्ही काय गहाण ठेवणार?"

फ्लॅट आधीच बँकेकडे होता, अजून अठरा वर्षं. उरली होती फक्त अब्रू.

ती त्याच संध्याकाळी गेली. खो-खोत पळायला गडी होते, पण पाठलागाला कशीबशी आठच पोरं जमली होती आणि नववा हवा होता. मी पँट वर खोचून चौकात बसलो. बसणं अवघड होतं, पण उठण्याच्या मानानं काहीच नाही. 'खो' मिळाला, मी दोन्ही हात टेकून उभा राहीपर्यंत पळणारा पोरगा चपलेचा अंगठा नीट करून आला. या खेळात एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. मी दिशा धरली, वेग धरला आणि शेवटी खांब धरला. दोन्ही हातांनी, गळाभेट घेऊन.

"सर, गडी बाद करायचाय, खांब नाही!"

माझ्या सूचनेनं जे झालं नव्हतं, ते पाच मिनिटांत झालं. अख्खं कॅन्टीन मैदानाच्या कडेला आलं. कुणी चहाचा ग्लास घेऊन, कुणी मोबाईल उगारून. जर्नल अपुरं असलेला शिट्टी वाजवत होता, दुखऱ्या गुडघ्याचा तर उड्या मारत होता.

दुसऱ्या दिवशी पाचला वीसेक जण हजर. "सर, आज पण धावणार ना?"

"धावेन. पण कडेला उभं राहून बघायचं नाही, चौकात बसून बघायचं. नाहीतरी बसायलाच आवडतं ना तुम्हाला? इथं आठ जण बसलेलेच असतात."

बसले बिचारे. मग पाठीमागून 'खो' आला आणि उठावंच लागलं. घामाची तक्रार करणारा आता असा सूर मारतो की त्याच्या आईनं साबणाचा खर्च माझ्याकडे मागावा.

माझी अब्रू मात्र अजून सुटलेली नाही. व्याजापोटी रोज पाचला मैदानावर जावं लागतं. परवा पँट सैल झाली, तेव्हा कळलं की मुद्दलही फिटतंय.