दुग्धसंन्यासी

ज्या तालुक्यात पहाटे कोंबड्याच्याही आधी दूधसंकलन केंद्रावरील कॅनांचा खणखणाट ऐकू येतो, ज्यातील भिलवडी स्टेशनाजवळ भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुग्धव्यवसाय मांडला, आणि जिथे पाहुण्याला पाण्यापाठोपाठ चहा न देणे हा भावकीतल्या तंट्याचा आरंभ समजतात, त्या पलूसमध्ये दूध सोडणारा पुरुष एक तर महात्मा असावा किंवा सेवानिवृत्त तरी असावा. आमचे अण्णा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आहेत.

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी घडविला. अण्णांच्या घरी तो पुण्याच्या नातीबरोबर दिवाळीच्या सुटीत आला. घराणे माळकरी, त्यामुळे मांसमच्छीचा निकाल पिढ्यांपूर्वीच लागलेला. शिल्लक बाकी काय ती म्हशीची. ती अण्णांनी एका बैठकीत बेबाक केली.

पहिल्याच सकाळी नातीने आणलेले सोयाबीनचे दूध उकळत्या चहात असे फाटले, की काकूंनी पातेले त्यांच्यासमोर धरून विचारले, “अहो, हे प्यायचं, का फडक्यात बांधून टांगायचं?” अण्णांनी तो चहा प्यायला. निश्चयाचे तेज ज्या मुद्रेवर असे वेडेवाकडे पसरलेले दिसले, ती मुद्रा मी विसरणार नाही.

परंतु कारकुनाचा निश्चय मोडत नाही. त्याला फेरफाराच्या नोंदी लागतात. अण्णांनी एक वही घातली. पहिली नोंद : परघरी यजमानाचा मान राखणे अगत्याचे, सबब चहास हरकत नाही. दुसरी औदुंबरच्या दत्तदर्शनानंतरची : पंचामृतातून दूध, दही, तूप आणि मध वगळल्यास केवळ साखर उरते, आणि साखर तर घरच्या उसाचीही असू शकते, परंतु प्रसाद हा आहारच नव्हे, सबब प्रकरण दाखल करून घेण्याचे कारण नाही. होळीच्या पोळीवरील तूप ‘रूढी’ या सदराखाली तहकूब झाले.

खरी कसोटी शेजारची म्हैस व्याली तेव्हा लागली. चिकाचा तांब्या दारी आला; गूळ आणि वेलदोडा पडून सायंकाळी थाळ्यात खरवस थरथरू लागला. अण्णांनी सुरीने एकच वडी कापली, तिच्यातील जाळी दिव्यापाशी धरून न्याहाळली आणि “वासराचं पोट भरलं का?” अशी चौकशी करून, होकार येताच, ती मुखात घातली. नोंद झाली नाही. शाई वाळली होती म्हणे.

अशक्तपणाचे निमित्त करून ते डॉक्टरांकडेही गेले. वैद्यकीय हुकमाने दूध सुरू व्हावे, हा आतला डाव. डॉक्टरांनी बी-बारा जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दुधाचे नावही काढले नाही. अण्णा दोन दिवस खिन्न होते.

अखेर त्यांना गांधीजींचा आधार सापडला. बापूंनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले, पुढे १९१८च्या दुखण्यात शरीर पार खंगले, आणि व्रत घेताना गाय-म्हैसच मनात होती या युक्तिवादावर कस्तुरबांच्या सूचनेने ते शेळीचे दूध घेऊ लागले. तो सल त्यांनी स्वतःच आत्मकथेत नमूद करून ठेवला आहे. अण्णांनी सल सोडून बाकी सारे वहीत उतरवून घेतले.

परवा त्यांच्या द्राक्षबागेच्या बांधावर एक काळी शेळी बांधलेली दिसली. मी नुसते पाहिले.

“लेंडीखतासाठी आणलीय,” अण्णा म्हणाले, आणि हातातली चरवी पाठीमागे धरली.