स्कूटर कोणाच्या नावावर?

प्रेमभंगानंतर स्कूटर परत मिळवताना आठवणींचा उपयोग शून्य, आरसीचा पुरेपूर. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहन ज्याच्या नावे नोंदलेले, तो सर्वसाधारणपणे मालक. पेट्रोल कोणी भरले, मागच्या सीटवर कोण रडले, याची नोंद आरटीओ ठेवत नाही.

गाडी दुसऱ्याच्या दारात आणि नाव आपले, ही अवस्था नात्यापेक्षा टिकाऊ असते. सिग्नल तिकडे तुटतो, ई-चलान इकडे येते. कोणत्या चौकात, किती वाजता, तेही कळते. (ब्लॉक केलेल्या माणसाची इतकी ताजी खबर मित्रमंडळीही देत नाहीत.) अपघात झाला तर भरपाईचा भार नोंदणीकृत मालकावर येऊ शकतो, गाडी विकली पण नाव बदलले नाही अशा नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसेच ठरवले.

म्हणून आधी लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस, मग पोलीस ठाणे. विश्वासाने सोपवलेली वस्तू अप्रामाणिकपणे बळकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे. सोपवलेल्या मनाला हे कलम लागू नाही. ठाण्यात बहुधा ‘आपसात मिटवा’ असा सल्ला मिळतो. मिटले असते तर ठाण्यात कोण आले असते?

उदार होऊन गाडी सोडायचीच असेल तर मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० भरावेत. फॉर्म ३० वर दोघांच्याही सह्या लागतात.