थेंब घ्यावा की पूल

प्रथम आपली शैली ओळखावी. कोर्टवर अजून पाऊल टाकले नसले तरी हरकत नाही. आपल्याकडे लायसन्सच्या आधी गाडीचा रंग ठरतोच.

मग दुकानात जावे. भिंतीवर टांगलेल्या स्क्वॉशच्या रॅकेटींत दोन घराणी दिसतील. एकीचे डोके थेंबासारखे: वर गोल, खाली निमुळते होत थेट दांड्यात उतरलेले. दुसरीचे डोके लंबगोल, मानेपाशी आडवा पूल आणि पुलाखाली तारा नसलेली रिकामी खिडकी. थेंबात उभ्या तारा पार दांड्याच्या तोंडापर्यंत जातात. तार लांब म्हणून लवचीक. ती चेंडूला झोळीत घेते आणि भिरकावते. पुलाच्या रॅकेटीत त्याच तारा पुलाशी थांबतात, आखूड राहतात, चेंडू कमी फेकतात, पण सांगाल तिकडे पाठवतात. थेंबात ताकद, पुलात ताबा. एवढेच आहे. विक्रेता हेच इंग्रजीत सांगेल आणि त्याचे वेगळे पैसे लावेल.

आता शैली. ऑफिसातला राग भिंतीवर काढायला येणारा स्वतःला आक्रमक म्हणवतो आणि थेंब मागतो. त्याला तो देऊ नये. ताकद त्याच्याकडे मुळातच उतू चालली आहे. समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी 48 सेंटीमीटर उंचीचा जो टिन असतो, तो त्याने वाजवला की शेजारच्या कोर्टवरची रॅलीही थबकते. त्याने पूल घ्यावा. उलट ज्याचा चेंडू मागच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही, त्या सौम्य गृहस्थाने थेंब घ्यावा. थेंबात चेंडू नीट लागण्याची जागाही ऐसपैस असते, आणि नवशिक्याचा चेंडू मधोमध लागणे हा योगच असतो.

तिसरा प्रकार ‘टी’वर बसणाऱ्यांचा. कोर्टच्या मध्यावर रेषांचा टी आहे, तिथे हे पाय रोवतात आणि समोरच्याला प्रदक्षिणा घालायला लावतात. यांना कोणताही आकार चालेल, रॅकेटीपेक्षा यांचा स्वतःचा आकारच जास्त उपयोगी पडतो. मात्र समोरचा हमखास गुण घेत असताना वाट अडवली, तर तो गुण त्याला बहाल होतो. त्याला स्ट्रोक म्हणतात. हा शब्द पुकारला की पन्नाशीचे सभासद आधी छातीला हात लावतात.

वजनाची फार चर्चा करू नये. हल्लीची रॅकेट म्हणजे साधारण आतपाव फरसाण. दहा ग्रॅमचा फरक आपल्याला जाणवतो असे सांगणाऱ्याने कालचा वडापाव आठवावा. गटिंग किती ताणायचे हे विचारल्यावर मात्र थोडा विचार केल्यासारखे दाखवून ‘जरा सैलच ठेवा’ म्हणावे. सैल तार चेंडू जास्त फेकते, शिवाय या उत्तराने आपण जाणकार वाटतो.

खरी फसगत चेंडूत आहे. शोकेसमध्ये दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू ऐटीत बसलेला असतो. तो पट्टीच्या खेळाडूंचा. बडवून बडवून आतली हवा तापली की मगच तो उसळतो. नवशिक्याच्या हाती उकडलेल्या बटाट्यासारखा पडून राहतो आणि दोष रॅकेटीला लागतो. 1830 च्या सुमारास इंग्लंडमधल्या हॅरो शाळेतल्या मुलांनी चेपणारा चेंडू भिंतीवर मारून पाहिला, त्यातून हा खेळ निघाला म्हणतात. तेव्हा चेंडू चेपणार, हे गृहीतच धरावे. मुकाट्याने निळ्या ठिपक्याचा घ्यावा. जरा मोठा असतो, न तापवता उसळतो. लाज वाटत असेल तर ‘पुतण्यासाठी हवाय’ म्हणावे.

पहिल्या दिवशी क्लबात एक काका भेटतील. गुडघ्याला पट्टा, ग्रिपवर ग्रिपचे चार थर, रॅकेटीवरचे कंपनीचे नाव केव्हाच पुसलेले. ते तुम्हाला 11-2 हरवतील, त्यातले दोन गुणही पाणी पिण्याच्या घाईत दिलेले असतील. त्यांच्या रॅकेटीचा आकार विचारू नये. ती बाजूच्या भिंतीवर इतकी घासलेली असते की तो त्यांनाही सांगता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तुमचीही रॅकेट त्याच भिंतीवर आपटेल. आवाज आधी येईल, चीर नंतर दिसेल. दुसरी घ्यायला गेल्यावर भिंतीकडे न बघता विचारावे, ‘सगळ्यात स्वस्त कोणती?’