प्रोग्रेस बरा हाय

वर्ध्याच्या भोवती मेघेंची गावं पुष्कळ: बोरगाव, सिंदी, पिपरी. त्यांतल्या सावंगीत १९९० साली मेडिकल कॉलेज निघालं आणि गावातला जो तो अर्धा डॉक्टर झाला. उरलेला अर्धा ज्याच्या त्याच्या आवडीचा. काकाजींचा तो कबड्डीत गेला.

काकाजी म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. विदर्भातल्या कुठल्याही कबड्डीच्या मैदानावर जा. खांद्यावर दुपट्टा, गालात खर्रा आणि गुणफलकाकडे पाठ करून बसलेला जो गृहस्थ दिसेल, तो काकाजी. टाळ्या पडल्या की तो मैदानाकडे नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघतो. खेळ कोणाकोणाला कळत नाही, याची त्याच्याकडे पक्की यादी असते.

चढाई करणारा त्याच्या लेखी नसतोच. "त्याले सारं गाव पाहते, मी कायले पाहू?" काकाजींची नजर असते मध्यरक्षकावर, म्हणजे कव्हरवर. कोपऱ्यातला गडी चवडा धरतो. त्याच क्षणी कव्हरने येऊन धडक दिली नाही, तर चढाईवाला घसरत-लोळत मध्यरेषा गाठतो आणि कोपरा बाद. धडक दिली, तर गुण कोपऱ्याच्या नावावर. कव्हर उठतो, अंगाची माती झटकतो आणि परत आपल्या जागी जाऊन उभा राहतो. अशा पोराची वाढ मोजायची कशी? वहीत काही लिहिलेलं नसतं. म्हणूनच काकाजींना हे क्षेत्र आवडतं. इथे त्यांना खोटं पाडणारा आकडाच नाही.

सध्या त्यांच्या देखरेखीखाली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचं एक पोट्टं आहे. "कसं काय म्हणते पोट्टं, काकाजी?" असं विचारलं की खर्रा या गालातून त्या गालात जातो आणि राउंडवर आलेल्या मोठ्या डॉक्टरच्या सुरात उत्तर येतं, "प्रोग्रेस बरा हाय. पण आताच काई सांगता येत नाही."

मग तपशील. "पायात फरक हाय. मांगच्या हिवाळ्यात डावा पाय लाईनीत राहत नव्हता, आता राहते. साखळीत हात सुटत नाही. पण घाई उतरली नाही अजून. चढाईवाला हलला का हे उडते. अन् लाइट लागले का वाढतेच."

"मंग इलाज?"

"खेळू द्या. तीन वर्सं."

तीन वर्षं ही काकाजींची ठरलेली मात्रा. मागच्या हिवाळ्यातही ती तीनच होती.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि काकाजींचा टीव्हीशी कायमचा वाद लागला. कॅमेरा चढाईवाल्याच्या मागे धावतो आणि कव्हर नेमका चौकटीबाहेर राहतो. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. पंकज मोहितेच्या सुपर रेडवर चहाच्या टपरीत माणसं बाकांवर चढली. काकाजी तेवढे बसून होते. "संकेत सावंत कुठी उभा होता ते दाखवा ना बे! तो नादराजन दाखवा!" असं ते पलटणच्या कव्हरांसाठी टीव्हीला सांगत होते. टीव्हीने ऐकलं नाही.

त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याने एकदा व्हिडिओ कॉलवर तिथल्या फुटबॉलमधले लाइनमन समजावून सांगितले: रांगेत पाच धिप्पाड गडी, एकेक एकशेचाळीस किलोचा, मागे चेंडू फेकणारा उभा, त्याच्यापर्यंत समोरच्याला पोचू द्यायचं नाही. मधला सोडला, तर चेंडूला हात लावायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. नाव पुकारलं जातं ते बहुधा चूक झाली तर. एखादं नवं पोरगं तयार झालं की नाही, हे कळायलाच दोन-तीन हंगाम जातात. काकाजी गंभीर झाले. "म्हणजे पाच कव्हर! अन् तीन वर्सं तेबी म्हणते!" थोड्या वेळाने म्हणाले, "खेळ चांगला हाय. मधात चेंडू कायले ठेवला पण?"

यंदाच्या डे-नाईट सामन्यांत मात्र अघटित घडलं. पोट्ट्याच्या कोपऱ्याने सहा पकडी केल्या, सहाही वेळा मागून धडक पोट्ट्याचीच. कोपऱ्याला लोकांनी खांद्यावर घेतलं, पाहुण्यांनी रोख बक्षीस दिलं. पोट्ट्याच्या नावावर शून्य. काकाजी उठले, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज तू कुठीच दिसला नाही. असंच पाहिजे!"

पोट्ट्याचं तोंड उतरलं. इतका घाम गाळून काकाजींनासुद्धा आपण दिसलो नाही, हे त्याच्या मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाईला तो कुणाची वाट न बघता उडाला. चढाईवाल्याला एकट्याने कमरेत धरून आडवा केला. शिट्टी वाजली, मैदान डोक्यावर घेतलं गेलं, लाउडस्पीकरवर पोट्ट्याचं नाव दोनदा आलं. त्याने छाती काढून काकाजींकडे पाहिलं.

काकाजींनी खर्रा थुंकला.

"रिलॅप्स," ते म्हणाले. "अजून तीन वर्सं."