मुलांनी स्वतः केलेली चांदणी

डिसेंबर लागला की वसईत आमच्या घरी ‘मुलांनी स्वतः केलेली’ नाताळची सजावट सुरू होते. कामट्या बाप तासतो, पतंगाचा कागद आई कापते, मैद्याची खळ आजी शिजवते. मुलं देखरेख करतात. पाच कामट्यांची एक चांदणी, तशा दोन पाठीला पाठ लावून टोकं बांधायची आणि मध्ये काड्या खोचून पोट फुगवायचं. आमचं एक टोक दरवर्षी आखूड निघतं; त्याला हस्तकला म्हणायचं.

मग बाळ येशूचा गोठा. हिरवळीसाठी आठ-दहा दिवस आधी नाचणी पेरायची असते, हे आम्हाला २३ तारखेला आठवतं. मग रंगवलेला भुसा. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोला गोठा मांडला तो जिवंत बैल, गाढव आणि खरं गवत घेऊन. काही चिकटवायचंच नव्हतं, सुटला बिचारा!

यंदा मेंढपाळ सापडेना. धाकट्याने शेजारच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा आणून उभा केलाय, ढाल-तलवारीसकट. बाळ येशूला एवढा बंदोबस्त ग्रेच्चोतही नसेल.