कुचेष्टेचा जमाखर्च

दुसऱ्याला हिणविण्याच्या कामी मराठी भाषेने शब्दांची जी भरती करून ठेविली आहे तिची कोणी नीट मोजदाद केली, तर कृतज्ञतेच्या खात्यावर आपण फारच थोडी शिबंदी तैनात केल्याचे उघडकीस येईल. टर, खिल्ली, रेवडी, हुर्यो ही मंडळी उडवावयाची असतात, आणि जे उडते ते बहुधा वाऱ्याबरोबर जातेही. टवाळीला चार रिकामे लोक आणि एक ओटा पुरतो. थट्टेला तर नुसत्या मेहुणेपणाचा परवाना चालतो. कुचेष्टेचा दर्जा निराळा. ती उडत नाही, करावी लागते. आणि चेष्टा या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थच हालचाल, खटपट असा असल्यामुळे, कुचेष्टा करणाऱ्यास आळशी म्हणण्याचा जो प्रघात आहे तो निखालस अन्यायाचा होय.

याचा दाखला पाहा. १८७५ साली महादेव गोविंद रानडे प्रभृतींच्या पुढाकाराने स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले, त्यांची व्याख्याने झाली, आणि अखेरीस चाहत्यांनी त्यांची मिरवणूक काढण्याचे ठरविले. मूर्तिपूजेला वेदांमध्ये आधार नाही, हे स्वामींचे म्हणणे खोडून काढावयाचे तर वेद उघडणे आले, भाष्ये चाळणे आले. आणि ज्या नगरीला शास्त्र्यांची वानवा कधी भासली नाही तिला हे अशक्य होते असेही नव्हे. प्रतिपक्षाने गाढव आणले. आता गाढव आणणे दिसते तितके सोपे नाही : ते मालकाकडून मागून घ्यावे लागते, शृंगारावे लागते, त्याला ‘गर्दभानंद’ ही पदवी बहाल करण्यापुरते संस्कृत कोणाला तरी यावे लागते, आणि वाटेत बसकण न मारण्याविषयी खुद्द गाढवाची हमी घ्यावी लागते. शिवाय मिरवणुकीवर चिखलफेक झाली, ती वेगळीच. पावसाळ्यात पुण्याला चिखल फुकट मिळत असला, तरी तो फेकणाऱ्याचे हात आधी भरतात. एवढ्या सायासाची निष्पत्ती काय, तर स्वामींच्या रक्षणार्थ जोतीराव फुले आपल्या माणसांनिशी हजर झाले. (याच जोतीरावांच्या मराठीतील व्याकरणाच्या चुका पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त चवीने मोजण्यात आल्या. त्यांचे मुद्दे मात्र तेथे मोजणीवाचून पडून राहिले.)

समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या बाबतीत तर ही विद्या कळसास पोहोचली. ते हयात असताना त्यांची प्रेतयात्रा निघाली. प्रेतयात्रा म्हटली की तिरडी आली, खांदेकरी आले, भर रस्त्यात गळा काढण्याची जबाबदारी आली. एवढा शोक आपल्याकडे सख्ख्या चुलत्यासाठीदेखील कोणी विनातक्रार करीत नाही. त्यांच्या ‘सुधारक’ पत्रातील एखाद्या लेखाला उत्तर द्यावयास दोन ताव कागद आणि बोळकेभर शाई पुरली असती. परंतु उत्तर देताना आगरकरांचा लेख आधी वाचावा लागतो, ही त्यातली मोठी अडचण.

हल्लीच्या कुचेष्टेखोरांनी पूर्वजांची ही मेहनत पार बुडविली. मोबाइलवर गर्दभाचे चित्र तयार मिळते, जिवंत माणसाला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाहणारा फलक मिनिटात सिद्ध होतो, हात कोरडे राहतात, कपड्यांची घडी मोडत नाही, आणि ज्याची कुचेष्टा करावयाची त्याचे घर कोणत्या पेठेत आहे हेही ठाऊक असण्याची गरज उरलेली नाही. यात सर्वांत बुडाले ते गाढवांचे मालक. त्यांनी नुकसानभरपाईचा अर्ज गुदरावा तर तो सांस्कृतिक कार्य खात्याकडे की पशुसंवर्धनाकडे, याचा खुलासा सरकारने अद्याप केलेला नाही.