दानशूरांस नम्र सूचना

ज्यांच्याकडे खाऊन, गुंतवून आणि पोरानातवंडांच्या नावावर करूनही पैसा उरतो आहे, त्यांच्यासाठी आजचं सदर. बाकीच्यांनी राशिभविष्याकडे वळायला हरकत नाही.

तर शेठ, तुम्हाला फाउंडेशन काढायचं आहे. उत्तम. आईच्या नावाने काढा, वडिलांच्या नावाने काढा, नाहीतर हयातीतच स्वतःच्या नावाने काढा. मागून पोरं काढतीलच याची खात्री नाही. कागदपत्रांचं सीए बघेल. प्रश्न एवढाच की पैसा द्यायचा कशाला. इथे एक बारीक रेघ आहे. ती ओलांडली की पुण्यवान माणूस रातोरात संशयित होतो. वह्या वाटा, छत्र्या वाटा. सामुदायिक विवाह लावा आणि मांडवात आमदारसाहेबांसाठी पहिल्या रांगेत सोफा टाका. नेत्रशिबिर भरवा, मोतीबिंदू काढा. कोणी ब्र काढणार नाही. पण मोतीबिंदू काढल्यावर म्हाताऱ्याला रेशन दुकानातला काटा स्पष्ट दिसू लागला, आणि ‘काटा असा का?’ हे विचारायला शिकवणाऱ्या संघटनेलाही तुम्ही चार पैसे दिलेत, तर शेठ, तुम्ही राजकारण केलंत.

ही रेघ कशी आखली गेली, हे समजायला अमेरिकेच्या फोर्ड घराण्यासारखा गुरू नाही. फोर्ड फाउंडेशन १९३६ मध्ये निघालं ते अवघ्या २५ हजार डॉलरवर. नेमक्या त्याच सुमारास तिथल्या सरकारने बड्या इस्टेटींवर ७० टक्क्यांपर्यंत वारसाकर बसवला होता, हा योगायोग समजा. वकिलांनी मोटार कंपनीच्या शेअरचे दोन ढीग केले. ९५ टक्क्यांच्या ढिगाला मताधिकार नाही, ५ टक्क्यांच्या ढिगाला आहे. बिनमताचा मोठा ढीग दान झाला, मताचा छोटा ढीग घरात राहिला. कर टळला, कारखाना हातचा गेला नाही आणि वर दातृत्वाचा टिळा लागला. तिथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे त्याच बिनमताच्या पैशाने लोकांना मत द्यायला शिकवलं, आणि घोटाळा झाला.

१९६६ मध्ये फाउंडेशनच्या अध्यक्षपदी मॅकजॉर्ज बंडी आले. त्याआधी हे गृहस्थ केनेडी आणि जॉन्सन या दोन राष्ट्राध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते; व्हिएतनामचं युद्ध वाढवणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी घेतलं जातं. परक्या खेड्यांवर बॉम्ब टाकण्याच्या फायली हाताळत होते तोवर साहेब वॉशिंग्टनमध्ये प्रतिष्ठित होते. मग त्यांनी आपल्याच देशातल्या गोरगरिबांची नावं मतदारयादीत घालायला पैसे दिले, आणि राजधानीच्या काळजाचा ठोका चुकला.

झालं असं. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात १९६६ च्या उन्हाळ्यात काळ्यांच्या वस्तीत मोठी दंगल झाली. पुढच्या वर्षी फोर्डने तिथल्या ‘कोअर’ या नागरी हक्कांच्या संघटनेला १ लाख ७५ हजार डॉलर दिले. त्यातला एक हिस्सा मतदार नोंदणीसाठी होता. नोव्हेंबरात महापौरपदाची निवडणूक झाली. एका बाजूला माजी राष्ट्राध्यक्षांचे नातू सेथ टॅफ्ट, दुसऱ्या बाजूला गुलामांचे वंशज कार्ल स्टोक्स. स्टोक्स अगदी काठावर निवडून आले आणि अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहरात निवडून आलेले पहिले काळे महापौर ठरले. कोणाला पाकीट दिलं नव्हतं, साडी-पैठणीही दिली नव्हती. फक्त नावनोंदणीचे फॉर्म भरून घेतले होते. आमच्याकडे मतदाराला आदल्या रात्री लक्ष्मीदर्शन घडवलं तर ती परंपरा, आणि सहा नंबरचा फॉर्म भरून दिला तर तो हस्तक्षेप. तिथेही थोड्याफार फरकाने तेच.

फाउंडेशनने न्यूयॉर्कमध्येही हात घातला. ब्रुकलिनमधल्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिलच्या शाळा तिथल्या पालकांनीच चालवाव्यात, या प्रयोगाला फोर्डचा पैसा आणि पाठबळ होतं. पालकांच्या मंडळाने काही शिक्षकांना दुसरीकडे जायला सांगितलं. शिक्षक संघटना खवळली. १९६८ च्या शरदात सगळ्या शहरात मिळून शाळेचे ३६ दिवस संपात गेले आणि दहा लाखांहून अधिक मुलं घरी बसली. या प्रकरणात पालकांचं चुकलं की शिक्षकांचं, यावर न्यूयॉर्कर अजून भांडतात. मला विचाराल तर फाउंडेशनचं चुकलं: आग पेटवायला काडी दिली, आणि बंब आला तेव्हा साहेब मॅनहॅटनच्या काचेच्या इमारतीत अहवाल वाचत होते.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची गंमत तर औरच. तिथे मेक्सिकन वंशाच्या तरुणांच्या संघटनांपर्यंत फोर्डचा पैसा पोचला. त्या भागाचे खासदार हेन्री गोन्झालेझ स्वतः मेक्सिकन वंशाचे, लोकप्रिय, उदारमतवादी. पण नवी जहाल पोरं त्यांच्यावरच तुटून पडली. आपल्याला न विचारता कोणी वॉर्डात बाकडं टाकलं तरी नगरसेवकाचा पारा चढतो. इथे तर कोणीतरी प्रश्न विचारणारी पोरं आणून ठेवली होती. गोन्झालेझ सभागृहात फाउंडेशनवर बरसले. परिणाम काय झाला? फोर्डच्याच पैशावर १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅल्डेफ’ या मेक्सिकन-अमेरिकनांच्या कायदेविषयक संस्थेचं मुख्यालय, फाउंडेशनच्या दबावाखाली, १९७० मध्ये सॅन अँटोनियोतून उचलून सॅन फ्रान्सिस्कोला नेण्यात आलं. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या संघटनेला देणगीदाराने सांगावं की बाबांनो, कार्यालय तेवढं कोलकात्याला हलवा, त्यातली गत.

मग फेब्रुवारी १९६९ मध्ये तिथल्या संसदेच्या, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या, समितीपुढे सुनावणी लागली. ब्रुकलिनचे खासदार जॉन रूनी यांनी गाऱ्हाणं मांडलं की पक्षांतर्गत निवडणुकीत आपल्याविरुद्ध उभा राहिलेला फ्रेडरिक रिचमंड हा धनाढ्य माणूस स्वतःच्या फाउंडेशनमधून मतदारसंघात देणग्या वाटत होता. (दहीहंडीच्या बक्षिसापासून काशीयात्रेच्या बसगाड्यांपर्यंत सगळं पाहिलेल्या ठाणे-मुंबईकरांना रूनींची कीव येईल.) सिनेटर रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर त्यांच्या आठ सहायकांना फोर्डने प्रवास-अभ्यासासाठी एकूण १ लाख ३१ हजार डॉलर दिले, हेही निघालं. इथे मात्र बंडीसाहेबांची बाजू लंगडी होती. दुःख हलकं करायला अभ्यासवृत्ती देण्याची पद्धत क्लीव्हलंडच्या झोपडपट्टीसाठी कधी नव्हती. साहेब एकेकाळचे हार्वर्डचे अधिष्ठाता. समितीपुढेही ते नापास मुलांची समजूत काढावी तसे बोलले. खासदारांना ते झोंबलं.

३० डिसेंबर १९६९ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नव्या करकायद्यावर सही केली. फाउंडेशनांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर ४ टक्के कर लागला. कायदे बदलून घेण्यासाठी लोकप्रतिनिधींकडे खटपट करायला पैसा वापरायचा नाही, असं ठरलं. त्याच काळात मोटार, तेल नाहीतर तंबाखूच्या कंपनीने अशीच खटपट केली तर तो धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा मिळत होता, हे जाता जाता. आणि कायद्यातलं सगळ्यात देखणं कलम मतदार नोंदणीचं: फाउंडेशनने त्याला पैसे द्यायला हरकत नाही, मात्र ती पैसे घेणारी संस्था किमान पाच राज्यांत काम करणारी हवी आणि एकाच निवडणुकीपुरती नको. म्हणजे एका शहरातल्या लोकांना जागं केलंत तर तो कट; पाच राज्यांतल्या लोकांना थोडं थोडं चाळवलंत तर ते नागरिक शिक्षण.

फोर्डचे नातू दुसरे हेन्री फोर्ड १९७६ च्या अखेरीला विश्वस्तपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले. भांडवलशाहीच्या जिवावर उभी राहिलेली ही संस्था भांडवलशाहीलाच विसरली, अशी त्यांची खंत. शेठ, हे लक्षात ठेवा. कार्यकर्ते तुम्हाला मालक म्हणणार नाहीत आणि घरचे तुम्हाला शहाणा म्हणणार नाहीत.

फोर्डचं परदेशातलं पहिलं कार्यालय आपल्या दिल्लीत, १९५२ मध्ये, नेहरूंच्या निमंत्रणावरून. शेती सुधारा म्हटलं, पैसा आला. अहमदाबादचं आयआयएम उभं करायचं म्हटलं, पैसा आला. तोवर पाहुणा देवच होता. एप्रिल २०१५ मध्ये गृहखात्याने याच फोर्डला देखरेख यादीत टाकलं. सामाजिक कार्यकर्त्या तिस्ता सेटलवाड यांच्या संस्थेला दिलेल्या अनुदानावरून गुजरात सरकारने तक्रार केली होती. पुढच्या वर्षी नाव यादीतून निघालंही. हे भाजपचंच वैशिष्ट्य, असं समजून काँग्रेसजनांनी टाळ्या वाजवू नयेत. परकीय देणग्यांचा कायदाच मुळी १९७६ चा, ऐन आणीबाणीतला. इंदिराबाई पुन्हा सत्तेवर आल्या तेव्हा गांधी शांती प्रतिष्ठानसारख्या संस्थांमागे कुदाल आयोग लागला आणि चरख्याच्या सुतात परकीय धागा शोधत वर्षं गेली. संपुआ सरकारने २०१० मध्ये कायदा नव्याने केला आणि २०११ च्या नियमांत लिहिलं की बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो हे मार्ग नेहमी वापरणारी संघटना ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवता येईल. केंद्राच्या इंग्रजी नियमावलीत रास्ता रोको, रेल रोको हे आपले शब्द मानाने जाऊन बसले. अभिजात दर्जा मिळण्याच्या किती आधी!

मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सत्तेच्या राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेने लोकांच्या प्रश्नासाठी रास्ता रोको केला म्हणून तिचा परकीय निधी अडवता येणार नाही. सप्टेंबरात कायद्यातच दुरुस्ती आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर. मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला पैसा पुढे द्यायला बंदी. आणि परकीय पैसा घ्यायचा तर खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच. भामरागडच्या संस्थेचा पैसा आता संसद मार्गावर उतरतो. नाहीतरी आदिवासींचे प्रश्न संसदेपर्यंत पोचत नाहीत अशी तक्रार होतीच.

फाउंडेशनवाले म्हणजे धुतल्या तांदळासारखे, असं मात्र नाही. तालुक्याच्या एसटी स्टँडमागे भाड्याच्या खोलीत कार्यकर्ता रात्री बारा वाजता देणगीदाराचा ‘लॉगफ्रेम’ नावाचा तक्ता भरत असतो, तेव्हा त्याच्या मागे उभं राहून वाचा. ‘आउटपुट: मोर्चे चार. आउटकम: जाणीवजागृती झालेले लाभार्थी ६५०, त्यांपैकी महिला ३२५. जोखीम: लाठीमार. उपाययोजना: पूर्वपरवानगी.’ मोर्च्यातल्या चहाच्या पावतीवर शिक्का हवा. टपरीवाल्याकडे शिक्का कुठून असणार? मग कार्यकर्ताच त्याच्या नावाचा शिक्का बनवून आणतो आणि व्यवस्थेविरुद्धच्या लढ्याची सुरुवात खोट्या शिक्क्याने होते. बॅनरवर देणगीदाराचा लोगो दिसला पाहिजे, पण फार दिसता कामा नये. गृहखात्यालाही डोळे आहेत. प्रकल्प तीन वर्षांचा. तीन वर्षांत अन्याय संपला नाही तर तो अन्यायाचा दोष, आणि फाउंडेशन हवामानबदलाकडे वळतं.

परकीय पैसा नको तर देशी शेठांनी द्यावा, असं कोणी म्हणेल. दिलाही होता. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचं ठरलं आणि जमवून दाखवले. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी असहकारात वकिली सोडलेल्यांच्या घरखर्चासाठी एक लाख रुपये दिले. रायबहादूर ही पदवी सरकारला परत केली ती वेगळी. चहाची पावती मागितल्याचं ऐकिवात नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र आपणही रेघ पक्की केली. १९६२ मध्ये खुद्द पुण्याच्या केसरी-मराठा ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की राजकीय हेतू हा धर्मादाय हेतू नव्हे. आता बड्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सामाजिक जबाबदारी सक्तीची आहे, आणि त्यातून शाळेला रंग लागतो. शाळेत शिक्षक का नाही, हे विचारण्याचं काम त्यात बसतं असं अजून कोणा सीएने मनावर घेतलेलं नाही.

राहता राहिले राजकीय पक्ष. परकीय पैसा घ्यायला त्यांना तर १९७६ पासून सक्त मनाई. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की परकीय मालकीच्या वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही कायदा मोडला, आणि सरकारला, निवडणूक आयोगाला कारवाई करायला सांगितलं. कारवाई झाली. ती कायद्यावर झाली. २०१६ च्या वित्त विधेयकात ‘परकीय’ या शब्दाची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून मागे जाऊन. पण या देणग्या त्याआधीच्या, जुन्या कायद्याखालच्या. म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकात तारीख आणखी मागे नेली: ५ ऑगस्ट १९७६, म्हणजे तो मूळ कायदा ज्या दिवशी लागू झाला तो दिवस. ४२ वर्षांचा हिशेब एका ओळीत चुकता. लोकसभेने ते विधेयक १४ मार्च २०१८ रोजी गदारोळात मंजूर केलं. चर्चा झाली नाही.